वंशावळ जिथे तुटते तिथेच वाचा : बायबलमधल्या नामावळ्या आणि देवाचा करार

मनोहर_नगर (धागाकर्ता)

बायबलच्या उत्पत्ती ह्या पहिल्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात नोहाचा मुलगा शेम ह्याची वंशावळ आहे. शेमापासून अब्रामापर्यंत (पुढे ह्याचंच नाव अब्राहाम) दहा पिढ्या. जवळजवळ प्रत्येकाचं वय दिलंय आणि आणखी मुलगे-मुली झाल्याची नोंदही. यादी अशी बिनधोक चालत असताना तिसाव्या ओवीत एवढंच येतं : अब्रामाची बायको सारय (पुढे सारा) वांझ होती, तिला मूलबाळ नव्हतं.

आणि लगेच बाराव्या अध्यायात देव ह्याच जोडप्याला म्हणतो, मी तुझं मोठं राष्ट्र करीन. ज्या घरात पुढचं नाव लिहायला माणूस नाही, नेमकं त्याच घराला वंशाचं अभिवचन मिळतं.

बायबल अभ्यासात आपण वंशावळ्या बहुधा ओलांडून पुढे जातो. पाळकसुद्धा उपासनेत त्या वाचायच्या टाळतात, कारण नावं उच्चारायला अवघड. माझं म्हणणं असं, की करार समजून घ्यायचा असेल तर ह्या याद्या सोडून चालणार नाही. शिवाय त्या सरळ चालतात तिथे नव्हे, तर अडतात, वळतात, तुटतात तिथे थांबून वाचायला हव्यात. वंश चालू राहणं ही घराण्याची कमाई नाही, देवाने शब्द पाळला म्हणून तो चालला, हे त्या तुटलेल्या जागांवरच दिसतं.

सुरुवात पाचव्या अध्यायापासून करा. आदामाच्या मुलांपैकी हाबेलाचा खून झालाय, त्याला मारणारा भाऊ काइन परागंदा झालाय, आणि तिसरा मुलगा शेथ ह्याच्यापासून नवी ओळ सुरू होते. तिथे "मग तो मरण पावला" हे आठ वेळा येतं. फक्त हनोखाच्या बाबतीत येत नाही. एदेन बागेत आदामाला मिळालेला मरणाचा निवाडा पिढ्यान्पिढ्या खरा ठरतोय आणि तरीही हव्वेच्या, म्हणजे पहिल्या स्त्रीच्या, संतानाची ओळ संपत नाही, अशा दोन्ही गोष्टी एकाच यादीत शेजारी शेजारी चालतात. अकराव्या अध्यायातल्या यादीत हे पालुपद नाही. मध्ये जलप्रलय झालाय, नोहाशी करार झालाय. मरण थांबलेलं नाही, पण लिहिणाऱ्याची नजर आता पुढे कोण जन्मतो ह्याकडे वळलीय असं मला वाटतं.

कराराच्या मुख्य ओळीत नसलेल्यांच्याही याद्या आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. उत्पत्ती १७:२० मध्ये देव अब्राहामाला सांगतो की थोरला मुलगा इश्माएल ह्याच्यापासून बारा सरदार होतील. करार धाकट्या इसहाकाशी, पण इश्माएलालाही शब्द दिला आहे. मग पंचविसाव्या अध्यायात नबायोथ, केदार अशी बाराच्या बारा नावं गावांसकट, छावण्यांसकट मोजून दिली आहेत. छत्तिसावा अध्याय तर सगळाच्या सगळा इसहाकाचा थोरला मुलगा एसाव ह्याचा. इस्राएलात कोणी राजा होण्याआधी अदोमात कोणते राजे होऊन गेले तेसुद्धा तिथे आहे. ज्याला थोरलेपण मिळालं नाही त्याची यादी लिहायला इतकी जागा का दिली असेल? कारण त्याच्या आईला, रिबकेला, सांगितलं होतं की तुझ्या उदरात दोन राष्ट्रं आहेत. दोन म्हटलं तर दोन्हींची नोंद झाली पाहिजे.

गणना ह्या पुस्तकाचा २६ वा अध्याय घ्या. मिसरातून निघालेली पिढी अविश्वासामुळे रानात संपली. पहिल्या मोजणीत लढाईला जाण्याजोगे पुरुष ६,०३,५५० होते, दुसऱ्या मोजणीत ६,०१,७३०. पहिल्या यादीतले फक्त कालेब आणि यहोशवा उरले होते. माणसं जवळजवळ सगळी बदलली, आकडा मात्र जवळपास तेवढाच राहिला. आकाशातल्या ताऱ्यांसारखी संतती देईन हा शब्द एका अख्ख्या पिढीच्या बंडानेही मोडला नाही, असं ती मोजणी सांगते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या वंशावळीकडे मला यायचंच आहे, पण आधी तुम्ही बोला. तुम्हाला कुठली वंशावळ अडते?

वसईची_लेक

धागा काढल्याबद्दल आभार, मनोहरदादा. आमच्याकडे १७ डिसेंबरच्या मिस्सेला मत्तयाची वंशावळ वाचतात, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या मिस्सेलाही. म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट ऐकण्याआधी ती नावं कानांवरून जातातच. लहानपणापासून ऐकल्यामुळे माझी बरीचशी पाठ आहेत.

मी थांबते ती चार बायकांपाशी. तामार, राहाब, रूथ आणि "जी पूर्वी उरीयाची बायको होती ती". पाचवी मरीया. सारा, रिबका, राहेल ह्या कुलमाता यादीत नाहीत आणि ह्या आहेत! तामार यहूदाची विधवा सून, ताटकळत ठेवलेली. यहूदाने धाकटा मुलगा द्यायचं कबूल केलं आणि दिला नाही. तिने वेश वेश्येचा केला खरा, पण वंश पुढे नेण्याचं कर्तव्य टाळलं होतं यहूदाने. शेवटी तोच म्हणतो की माझ्यापेक्षा ती नीतिमान आहे (उत्पत्ती ३८:२६). राजवंश ज्या घराण्यातून यायचा ते घराणं पुरुषाच्या बेपर्वाईने बुडायला आलं होतं, ते एका बाईने वाचवलं.

राहाब यरीहोची, रूथ मवाबी. मवाबी माणसाने दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असं अनुवाद २३:३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि तिचा पणतू दावीद होतो. बथशेबेचं तर नावही मत्तय घेत नाही, उरीयाचं घेतो. मला वाटतं तो मुद्दाम घेतो. दावीद राजाची ओळ सांगताना त्याने मारवलेल्या हित्ती शिपायाचं नाव प्रत्येक वाचनात उच्चारावं लागतं. दोन हजार वर्षं उच्चारलं जातंय.

प्रसन्न_जे

मी ख्रिस्ती नाही, पण जुन्या ग्रंथांची आवड आहे म्हणून वाचतो. एक प्रामाणिक शंका. मत्तय म्हणतो तीन वेळा चौदा पिढ्या. मी मोजल्या. अब्राहाम ते दावीद चौदा, शलमोन ते यखन्या चौदा, पण शल्तीएल ते येशू तेराच भरतात. दुसऱ्या गटात योराम आणि उज्जीया ह्यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे चक्क गाळले आहेत, ते राजांच्या पुस्तकात आहेत. यखन्याचा बाप यहोयाकीमही नाही. मग ही वंशावळ म्हणायची की आकडा जुळवलेली रचना?

मनोहर_नगर

प्रसन्नजी, तुमची मोजणी अचूक आहे. ही रचनाच आहे, मत्तय ते लपवतही नाही. सतराव्या ओवीत तो स्वतःच आकडे सांगतो. त्याच्या यहुदी वाचकांजवळ राजांचं पुस्तक होतं, गाळलेली नावं त्यांना तोंडपाठ असणार. एज्राने स्वतःची वंशावळ अहरोनापर्यंत दिली आहे (एज्रा ७), ती १ इतिहास ६ शी ताडून पाहा, तिथेही मधली नावं वगळलेली सापडतील. त्या काळी "अमक्याचा पुत्र" म्हणजे त्याच्या वंशातला, हे सर्रास चालत होतं. म्हणूनच ह्या याद्यांमधली वयं बेरजेला घेऊन सृष्टीचं वर्ष काढायचा सतराव्या शतकातल्या अशर बिशपांचा खटाटोप (त्यांचं उत्तर इ. स. पू. ४००४) मला पटत नाही. यादी ज्या कामासाठी लिहिलीच नाही ते काम तिच्याकडून करून घेण्यासारखं ते आहे.

चौदाच का? दावीद ह्या नावाची हिब्रू अक्षरं आकड्यांत मांडली तर ४ + ६ + ४, चौदा होतात. पुष्कळ अभ्यासक हे कारण देतात आणि मला ते पटतं, कारण मत्तयाने पहिल्याच ओवीत दोन नावं पुढे ठेवली आहेत : दावीद आणि अब्राहाम. दोन करार. अब्राहामाला दिलेला शब्द, की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सर्व कुळं आशीर्वादित होतील. दावीदाला दिलेला शब्द (२ शमुवेल ७), की तुझं घराणं आणि राज्य कायम राहील. उरलेली यादी ह्या दोन शब्दांचा हिशेब आहे.

तिसऱ्या गटात कमी पडणाऱ्या चौदाव्या नावाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. एक मत असं, की यखन्या दोन्ही गटांत मोजायचा, देशांतराआधी (म्हणजे यहुद्यांना बंदी करून बाबेलास नेलं त्याआधी) एकदा आणि नंतर एकदा. मी ह्या मताचा आहे, आणि त्याचं कारण आकडा भरणं हे नाही. कारण यखन्या स्वतः आहे. त्याच्यावर सविस्तर लिहितो, कारण ह्या सगळ्या यादीतली सर्वांत खोल भेग तिथे आहे.

मनोहर_नगर

यखन्या, म्हणजेच यहोयाखीन, म्हणजेच यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला कोन्या. अठराव्या वर्षी राजा झाला, यरुशलेमात तीन महिने राज्य केलं. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्याने त्याला आई, बायका आणि दरबाऱ्यांसकट बाबेलास नेलं.

यिर्मया २२ मध्ये त्याच्यावर जे आलंय ते वाचून अंगावर काटा येतो. देव म्हणतो, कोन्या माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असता तरी मी त्याला उपटून टाकलं असतं. पुढे तिसाव्या ओवीत : हा निःसंतान, असं लिहा. त्याच्या वंशातला कोणीही दावीदाच्या गादीवर बसण्यात यशस्वी होणार नाही.

आता ह्यासमोर २ शमुवेल ७ ठेवा. कायमचं घराणं म्हणून शब्द दिलाय, आणि त्या घराण्याच्या वारसाबद्दल "निःसंतान लिहा" असा हुकूम. स्तोत्र ८९ ह्याच वेदनेतून आलंय. त्याचा पहिला भाग दावीदाशी केलेल्या कराराची स्तुती गातो आणि अडतिसाव्या ओवीपासून सूर एकदम फिरतो : तू टाकून दिलंस, करार तुच्छ मानलास, मुकुट मातीत मिळवलास. गाणारा देवाला उघड विचारतो की तुझी ती पूर्वीची दया कुठे गेली. त्या स्तोत्रात ह्या प्रश्नाला उत्तर नाही.

उत्तराची पहिली खूण राजांच्या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या चार ओव्यांत आहे. देशांतराच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलचा तेव्हाचा राजा अवील-मरोदख ह्याने यहोयाखीनाला बंदीतून काढलं, त्याची बंदिवासातली वस्त्रं बदलली आणि जन्मभर रोजचा शिधा बांधून दिला. मंदिर जळलेलं, गादी गेलेली, आणि पुस्तक संपतं ते राजाच्या पानावर वाढलेल्या अन्नाने.

ह्या शिध्याला बायबलबाहेरचा पुरावा आहे. रॉबर्ट कोल्डेवे ह्यांच्या बाबेलच्या उत्खननात राजवाड्यातल्या कोठाराच्या हिशेबाच्या क्युनिफॉर्म लिपीतल्या मातीच्या पाट्या निघाल्या. त्या १९३९ मध्ये एर्न्स्ट वाइडनर ह्यांनी वाचून छापल्या. त्यांत यहूदाचा राजा याऊकीन आणि त्याचे पाच मुलगे ह्यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. त्या पाट्यांपैकी एक इ. स. पू. ५९२ ची, म्हणजे तो नेला गेल्यानंतर पाचच वर्षांची. कोठीच्या कारकुनाला दावीदाशी केलेल्या कराराशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने तेल मोजलं आणि लिहून ठेवलं. पण "निःसंतान लिहा" असं ज्याच्याबद्दल म्हटलं गेलं, त्याचे पाच मुलगे शत्रूच्याच दप्तरात लिहिले गेले.

१ इतिहास ३ मध्ये त्याच्या मुलांची नावं आहेत आणि ओळ पुढे जरुब्बाबेलापर्यंत, त्याच्याही पुढे कितीतरी पिढ्या जाते. ह्या यादीतला कोणीही राजा झाला नाही. यिर्मयाचा शब्द खरा ठरला, गादी मिळाली नाही. तरी ओळ लिहीत राहिले. का लिहीत राहिले? गादी नसलेल्या घराण्याची नोंद कोण ठेवतो? ज्याला वाटतं की देवाचं बोलणं अजून संपलेलं नाही, तोच.

मग हाग्गय संदेष्ट्याचं पुस्तक. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या ओवीत देव जरुब्बाबेलाला, ह्याच कोन्याच्या नातवाला, सांगतो : मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन, कारण मी तुला निवडलं आहे. आजोबाच्या वेळी जी अंगठी हातातून उपटून टाकली तीच नातवाच्या वेळी परत हातात. मत्तय यखन्याला गाळू शकला असता. तीन राजे गाळलेच की त्याने. ह्याला मात्र ठेवलं, आणि देशांतराच्या उंबरठ्यावर ठेवलं.

फिलिपकाका_मिरज

मनोहर, यखन्याचा भाग मनापासून आवडला. मंडळीत सांगायला हवा असा आहे.

पण आता मत्तय आणि लूक ह्यांच्यातल्या फरकावर बोलावं लागेल, कारण लोक तोच प्रश्न आधी विचारतात. मत्तय शलमोनाकडून खाली येतो, लूक नाथानाकडून वर जातो, तोही दावीदाचाच मुलगा. मत्तयात योसेफाचा बाप याकोब, लूकमध्ये एली. मध्ये शल्तीएल आणि जरुब्बाबेल दोन्हींत आहेत, पण शल्तीएलाचा बाप मत्तयात यखन्या आणि लूकमध्ये नेरी.

तिसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक युलियस आफ्रिकानस ह्यांनी ह्यावर दिलेलं उत्तर युसेबियसने लिहिलेल्या मंडळीच्या इतिहासात टिकून आहे. एक भाऊ निपुत्रिक वारला तर दुसऱ्याने त्याच्या विधवेशी लग्न करून मृताच्या नावाने वंश चालवायचा, ह्या मोशेच्या नियमामुळे एकाच माणसाला दोन बाप येतात, एक देहाने आणि एक कायद्याने. पुढे कित्येक शतकांनी दुसरं मत रूढ झालं, की लूकची वंशावळ मरीयेची. आपल्याकडे संडे स्कूलला हेच शिकवतात. मला आफ्रिकानसचं उत्तर जास्त जवळचं वाटतं, कारण लूक मरीयेचं नाव यादीत घेतच नाही, योसेफाचं घेतो.

ह्यात करारासाठी महत्त्वाचं काय? देवदूत योसेफाला "दावीदाच्या पुत्रा" म्हणून हाक मारतो आणि मुलाचं नाव ठेवायला सांगतो (मत्तय १:२०-२१). योसेफ नाव ठेवतो आणि त्या क्षणी मूल कायद्याने दावीदाच्या घरचं होतं. यादीत चाळीसेक वेळा "ह्याला अमका झाला, त्याला तमका झाला" चालतं आणि योसेफापाशी वाक्य मोडतं : मरीयेचा पती योसेफ, जिच्यापासून येशू जन्मला. शेवटची कडी रक्ताने जोडलेली नाही, स्वीकाराने जोडलेली आहे. रूथच्या पुस्तकात बवाजाने जे केलं तेच. त्याने मृताचं नाव त्याच्या वतनात राहावं म्हणून रूथला पत्करलं, आणि वडीलधाऱ्यांनी वेशीत आशीर्वाद दिला तो "पेरेसाच्या घराण्यासारखं तुझं घराणं होवो" असा. तामारेचा पेरेस. म्हणून रूथच्या शेवटची दहा नावांची यादी पेरेसापासून सुरू होते आणि दावीदापाशी संपते.

रेबेका_ठाणे

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातली, आहे. ह्या धाग्यावर इतक्या आदराने तनाख, म्हणजे तुमचा जुना करार, वाचला जातोय हे पाहून बरं वाटलं. एक वेगळी बाजू मांडते, राग मानू नये.

आमच्या दृष्टीने ही ओळ मत्तयाच्या यादीत संपत नाही. अब्राहामाशी केलेला करार चालू आहे, आजही आठव्या दिवशी प्रत्येक मुलाच्या सुंतेत तो पाळला जातो. आमच्या तनाखच्या क्रमात दिव्रे हायामीम, म्हणजे तुमचा इतिहास, बहुतेक प्रतींत सर्वांत शेवटी येतो. म्हणजे ग्रंथ मिटतो त्याआधीचं शेवटचं पुस्तकच आदामापासूनच्या नऊ अध्यायांच्या वंशावळीने उघडतं आणि "वर जा" ह्या पारसाचा राजा कोरेश ह्याच्या परवानगीवर थांबतं. यखन्याबद्दल मनोहरदादांनी लिहिलं त्यातल्या बहुतेक भागाशी मी सहमत आहे. फक्त पुढची वाट आमची वेगळी.

वंशावळीची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. एज्रा २ मध्ये बाबेलहून परतलेल्या ४२,३६० लोकांची मोजणी आहे. त्यात याजकांची काही घराणी आहेत ज्यांना आपली नोंद सापडली नाही. उरीम आणि थुम्मीम (देवाचा कौल घ्यायची साधनं) धारण करणारा याजक येईपर्यंत त्यांना परमपवित्र अन्न खायला मनाई झाली. नोंद नाही तर वाटा नाही. हे वाचताना मला आमच्या समाजाची आठवण होते. आमच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यासोबतचं सगळं लिखाण समुद्रात गेलं. शतकानुशतकं आम्ही शब्बाथ पाळला, सुंता केली, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनिवार तेली म्हणवलो. आडनावं पेणकर, किहीमकर, रोहेकर अशी गावांवरून आली. इस्राएलला गेल्यावर १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने आमच्या लोकांचं लग्न लावण्याआधी आई-आजीपासून मागे जाऊन वंशाची चौकशी करायच्या सूचना काढल्या. आमच्या लोकांनी धरणं धरलं, लढले. १९६४ मध्ये सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय : वंशावळ कराराची आठवण असते तेव्हा ती पवित्र, दारावर उभी राहून कागद मागते तेव्हा ती माणसाला रडवते. आमच्यात धर्मांतर करून आलेल्याला "अब्राहाम आमचा पिता ह्याचा पुत्र" असंच नाव मिळतं. रॅम्बामने, म्हणजे मैमोनिडीसने, बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या धर्मांतरिताला पत्र लिहून सांगितलं की प्रार्थनेत "आमच्या पूर्वजांच्या देवा" असं तूही बिनदिक्कत म्हण. आणि रूथची गोष्ट आम्ही शावुओतला वाचतो, ज्या सणाला सिनायवर तोरा मिळाल्याचं स्मरण करतो. मवाबी सुनेची गोष्ट, त्या दिवशी.

मनोहर_नगर

रेबेकाताई, राग कसला? तुम्ही लिहिलंत ते मला वैयक्तिक पातळीवर भिडलं.

आमच्या घरात नगर जिल्ह्यातल्या पणजोबांनी मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मागचं नाव कुणालाच ठाऊक नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाची वंशावळ कोण लिहून ठेवणार? म्हणून गलतीकरांस पत्रातली तिसऱ्या अध्यायाची शेवटची ओवी आमच्या घरात आजी रोज म्हणायची : तुम्ही ख्रिस्ताचे आहात तर अब्राहामाचे संतान आणि अभिवचनाप्रमाणे वारस आहात. ज्यांना पूर्वजच नाहीत असं गावाने ठरवलं होतं, त्यांना एकदम अब्राहामापर्यंतची ओळ मिळाली. पंडित मंडळींना ही ओवी धर्मशास्त्र वाटेल, आमच्याकडे ती सातबारासारखी होती.

मिलिंद_नाशिक

मी पंचवटीत राहतो. आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या आहेत, पण सगळे पुरुष. बायबलमध्ये मुलींचं काय होतं? वंश आणि वारसा मुलाकडेच?

वसईची_लेक

मिलिंददादा, गणना २७ वाचा. सलाफहादाला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या : महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. त्या मोशे, याजक आणि सगळ्या सरदारांसमोर निवासमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही एवढ्यावरून आमच्या बापाचं नाव कुळातून का पुसावं? आम्हाला वतन द्या. मोशेने देवाला विचारलं आणि देव म्हणाला, ह्या मुलींचं म्हणणं रास्त आहे. त्यांच्यामुळे सगळ्या इस्राएलसाठी कायदा झाला. छत्तिसाव्या अध्यायात पुढे अट आली की लग्न आपल्याच वंशात करायचं, म्हणजे वतन दुसऱ्या वंशात जाऊ नये. हा नियम पूर्ण समतेचा नाही हे खरं. पण यहोशवा १७ मध्ये जमीन वाटताना त्या परत येतात, पाचही नावं परत लिहिलेली आहेत आणि वाटा त्यांच्या हातात पडतो. देशाचं अभिवचन होतं, आणि त्यातला एक तुकडा ह्या बहिणींनी मागून घेतला.

१ इतिहास २ मध्येही एक शेशान आहे. त्यालाही फक्त मुली. त्याने मुलगी आपल्या यरहा नावाच्या मिसरी दासाला दिली, आणि यहूदाच्या वंशाची ती फांदी त्या मिसरी जावयावरून पुढे तेरा नावं चालते. एकेकाळी मिसराचे दास असलेल्यांच्या वंशावळीत मिसरी दास!

सुनंदा_के

धागा वाचतेय, बोलायचं नव्हतं. पण विचारते. आम्हाला मूल नाही. घरच्या सगळ्या समारंभांत "वंश बुडाला" हे शब्द ऐकले आहेत, मंडळीतल्या बायकांकडूनही. सारा, रिबका, राहेल, हन्ना, अलीशिबा ह्या सगळ्यांना शेवटी मूल झालं. ज्यांना झालंच नाही त्यांच्यासाठी ह्या वंशावळ्यांमध्ये काय आहे?

फिलिपकाका_मिरज

सुनंदाताई, ज्यांनी तसं म्हटलं त्यांनी नवा करार नीट वाचलेला नाही, हे वयाच्या अधिकाराने सांगतो.

येशूनंतर नव्या करारात एकही वंशावळ नाही. एकही नाही. पेत्राची नाही, योहानाची नाही, पौलाच्या मुलाबाळांची नाही. उलट तीमथ्याला आणि तीताला पत्रं लिहिताना न संपणाऱ्या वंशावळ्यांच्या नादी लागू नका असंच बजावलंय. ज्या संतानासाठी ती ओळ राखायची होती ते आलं, म्हणून देहाने वंश चालवण्याचं ओझं कुणाच्याही गर्भाशयावर उरलं नाही. येशूला स्वतःला मूल नव्हतं. इब्री लोकांस पत्र त्याला अब्राहामाच्या काळचा याजक-राजा मलकीसदेक ह्याच्या रांगेत बसवतं, आणि मलकीसदेकाला त्या पत्रात बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही.

पण जुन्या करारातही तुमच्यासाठी आहे. यशया ५६. निपुत्रिक षंढाने "मी वाळलेलं झाड आहे" असं म्हणू नये, कारण जे माझ्या कराराला धरून राहतात त्यांना मी माझ्या घरात, माझ्या तटांच्या आत, मुलगे-मुलींपेक्षा चांगलं नाव देईन, कधी न पुसलं जाणारं सार्वकालिक नाव. हे देव बोलतोय. वंश बुडाला म्हणणाऱ्या माणसाला ही ओवी काढून दाखवा.

रेबेका_ठाणे

सुनंदाताई, फिलिपकाकांनी सांगितलेल्या त्याच ओवीतून यरुशलेममधल्या याद वाशेम स्मारकाचं नाव घेतलं आहे. नाझींनी मारलेल्या लाखो यहुद्यांची नावं तिथे एकेक करून गोळा करतात. अनेकांच्या मागे नाव सांगायला घरचं कोणीच राहिलं नाही, म्हणून परके लोक, शेजारी, वर्गमित्र कागद भरून देतात. तुमचं दुःख त्याच्याशी मापायचं नाही. ती ओवी कुणाकुणाच्या उपयोगी पडली आहे हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

सुनंदा_के

दोघांचे आभार. यशया ५६ आज यजमानांना वाचून दाखवते. षंढांच्या बरोबरच तिथे परक्या लोकांचंही आहे, हे आत्ता पाहिलं. रूथसारखे.

प्रसन्न_जे

मनोहरजी, रचना आहे म्हणजे खोटी आहे असं मी गृहीत धरलं नव्हतं, पण कशासाठी रचली हे आता कळतंय. दावीदाचं घराणं हेच मुळात कल्पित असं काही जण म्हणतात, त्यावर काही?

मनोहर_नगर

प्रसन्नजी, १९९३ मध्ये उत्तर इस्राएलात तेल दान इथे अरामी भाषेतल्या शिलालेखाचा तुकडा सापडला, इ. स. पू. नवव्या शतकातला. त्यात एक परका राजा आपल्या विजयांची बढाई मारताना "दावीदाचं घराणं" असा उल्लेख करतो. काहींनी ते वाचन नाकारलं, पण बहुतेक अभ्यासक ते मान्य करतात. दावीदानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांत शेजारचे राजे त्या राज्याला त्याच्या नावाने ओळखत होते एवढं त्यातून निघतं. कराराबद्दल शिलालेख अर्थातच काही सांगत नाही, तो भाग विश्वासाचा.

लूकच्या यादीवर वेगळा धागा व्हायला हवा. फिलिपकाका, तो तुम्हीच काढा. तोवर ज्यांना वाचायचंय त्यांनी लूक ३:२१ ते ४:१३ एका बैठकीत वाचा आणि मधली नावं वगळू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी होते, तू माझा पुत्र. लगेच वंशावळ सुरू होते, दावीद, अब्राहाम, नोहा ओलांडत पार आदामापर्यंत जाते आणि आदामाला देवाचा म्हणून संपते. त्यानंतर रानात सैतानाचं पहिलं वाक्य : तू देवाचा पुत्र असशील तर. बागेत आदाम जिथे हरला त्याच प्रश्नाशी येशूला आणून उभं करायला लूकला ती सगळी नावं हवी होती. काका, तुमच्या धाग्यात अर्पक्षद आणि शेलह ह्यांच्यामधला केनानही घ्या. तो ग्रीक जुन्या करारात आणि लूकमध्ये आहे, आपल्या उत्पत्ती ११ मध्ये नाही.